पेसमेकरनंतरची धाप आणि लॅसिक्सचा धोका

नागपूरहून पेसमेकर बसवून आलेला म्हातारा गावी पोचतो आणि आठवड्याभरात ‘दम लागते’ म्हणायला लागतो. घरचे म्हणतात, गॅस झाला असन. जवळच्या दवाखान्यात ‘छातीत पाणी’ समजून लॅसिक्स, म्हणजे लघवीचं इंजेक्शन, दिलं जातं. पाणी फुप्फुसात असेल तर ते योग्यच. पण ते हृदयाभोवती असेल तर हेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं.

हृदय दुपदरी पिशवीत असतं. पदरांमध्ये एरवी १५ ते ५० मिलिलिटर द्रव असतो, म्हणजे तीन ते दहा चमचे. पेसमेकरची तार शिरेतून उजव्या कप्प्यात उतरवतात. तिच्या टोकाला बहुधा बारीक स्क्रू असतो, तो स्नायूत फिरवून घट्ट करतात. या कप्प्याची भिंत जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर जाड. क्वचित स्क्रू आरपार जातो आणि रक्त पिशवीत झिरपतं. बारीक अंगाची म्हातारी माणसं, स्टेरॉइड किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, यांना हा धोका जास्त.

किती साचलं यापेक्षा किती वेगानं साचलं ते बघायचं. पिशवी सावकाश ताणली जाते, म्हणून महिन्या-दोन महिन्यांत लिटरभर पाणीसुद्धा ती सामावून घेते. तेच १५०-२०० मिलिलिटर रक्त तासाभरात आलं तर हृदय बाहेरून आवळलं जातं आणि त्याला भरायलाच जागा उरत नाही. अशा वेळी ते शिरांमधल्या दाबाच्या जोरावर कसंबसं भरत असतं. लॅसिक्स नेमका तोच दाब उतरवतं.

ओळखायचं कसं? रुग्णाला टेकून अर्धवट बसवा. मानेच्या शिरा फुगलेल्या, बीपी घसरलेलं, आणि स्टेथोस्कोपनं ऐकलं तर फुप्फुसं स्वच्छ. तिन्ही एकत्र दिसलं की लॅसिक्स बाजूला ठेवा, सलाईन लावा, १०८ बोलवा. एक्स-रेवर विसंबू नका. साधारण २०० मिलिलिटर साचेपर्यंत हृदयाची सावली मोठी दिसत नाही. खात्री इकोनंच, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीनंच, होते, म्हणून इकोची सोय असलेलंच रुग्णालय गाठायचं. तिथे छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखालून किंवा बरगड्यांमधून, जिथून पाणी जवळ असेल तिथून, इकोवर बघत सुई घालतात आणि मऊ नळी ठेवतात. पहिले ५० मिलिलिटर निघाले तरी बीपी वर यायला लागतं. रक्त थांबलंच नाही तर छाती उघडावी लागते.

काही आठवड्यांनी येणारा त्रास बहुधा वेगळा: पिशवीला सूज, बारीक ताप, आडवं पडलं की दुखणं आणि पुढं वाकलं की आराम. त्याला सूज उतरवणारी गोळी आणि कोल्चिसिन देतात, तीही डॉक्टरांनी किडनी तपासून. मेडिकलमधून आपल्या मनानं आणू नये. शिवाय आपल्याकडे क्षयरोगानंही हृदयाभोवती पाणी होतं; उशिरा दिसलेल्या प्रत्येक पाण्याचं खापर पेसमेकरवर फोडता येत नाही.

आणखी एक खूण घरचेही पकडू शकतात. पोटाच्या वरच्या भागात नाडीच्या तालात झटके किंवा उचकी येत असेल, तर तार सरकून तिचा करंट छाती-पोटामधल्या पडद्याच्या स्नायूला लागत असण्याची शक्यता असते. चक्करही येत असेल तर त्याच दिवशी निघा, पेसमेकरचं कार्ड सोबत घेऊन.