तापलेल्या टायरची हवा सोडू नका

मे महिन्यात लॉस एंजेलिसहून पहाटे मोटरहोम, म्हणजे चाकांवरचे घर, निघते तेव्हा हवेत गारवा असतो, पारा १५ अंशांच्या आसपास. टायरमध्ये ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) हवा. दुपारी मोहावीच्या वाळवंटात बार्स्टोला पेट्रोलसाठी थांबल्यावर सहज हवा मोजायचा गेज लावावा, तर आकडा ८७! हवा जास्त झाली असे वाटून माणूस व्हॉल्व्हची पिन दाबतो, ७५ दिसले की टोपण लावून निश्चिंत होतो.

खरे तर ती हवा जास्त झालेलीच नव्हती. धावताना टायर तापतो, आतली हवा ५५ अंशांपर्यंत गेली की कोंडलेली असल्याने तिचा दाब वाढतो. गेज फक्त आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त ते सांगतो. त्यात वातावरणाचे सुमारे १५ पीएसआय मिळवून हिशेब केला की ७५ चे ८७ बरोबर येतात. टायर बनवणाऱ्यांनी ही वाढ गृहीत धरलेली असते. आता गरम असताना हवा सोडून ७५ केलेला टायर दुसऱ्या दिवशी पहाटे मोजा. ६४ भरेल.

अकरा पीएसआयने काय होते? गाडीचे वजन रबर पेलत नाही, कोंडलेली हवा पेलते. मध्यम आकाराच्या मोटरहोमला बहुतेकदा १६ इंची टायर असतो. तो ८० पीएसआयला १,२१५ किलो उचलतो, ६५ ला जेमतेम १,०६०. म्हणजे पंधरा पीएसआयला दीडशे किलो; अकरा गेले तरी एका चाकामागे शंभराहून जास्त किलो ताकद गेली, आणि घर मात्र तेवढेच जड: फ्रिज, पलंग, शेगडी, शिवाय भरलेली पाण्याची टाकी. मग टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, पुन्हा ताठ होते. तार सारखी वाकवली की गरम होते, तसेच. त्या उष्णतेने आतले थर सुटू लागतात आणि एक दिवस भर वेगात टायर फुटतो.

म्हणून हवा मोजायची ती सकाळी, गाडी हलवण्याआधी, किमान तीन तास उभी असताना. किती भरायची हे वजनावर ठरते. अमेरिकेत ट्रक थांब्यांवर वजनकाटे असतात. सामान, पाणी, माणसे सगळ्यांसकट प्रत्येक आसाचे वजन करावे आणि टायर कंपनीच्या तक्त्यात दाब पाहावा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा त्याच्या कमाल भाराशी जोडलेला असतो, तो तुमच्या गाडीचा असेलच असे नाही.

माझी खरी काळजी मागच्या जोडटायरची, म्हणजे एका बाजूला शेजारी शेजारी बसवलेल्या दोन टायरची आहे. आतल्या टायरची हवा गेली तर बाहेरचा त्याचाही भार मुकाट उचलतो आणि लांबून सगळे ठीक दिसते. आपल्याकडे क्लीनर दांडा मारून आवाजावरून अंदाज घेतो. पार बसलेला टायर त्याने कळतो, पण ८० आणि ६० मधला फरक कळत नाही. टायरमधली हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा अमेरिकेत छोट्या गाड्यांना सक्तीची आहे, जोडटायरच्या गाड्यांना मात्र त्या नियमातून सूट आहे. तेव्हा लांब नळीचा गेज घ्या, गुडघ्यावर बसा आणि बाहेरच्या चाकाच्या भोकातून हात घालून आतला व्हॉल्व्ह शोधा.