राउटर उलटा करून पाहा: ओपनडब्ल्यूआरटी चढवण्याआधी

राउटर उलटा करा. तळाच्या लेबलवर मॉडेलच्या नावाजवळ बारीक अक्षरांत व्हर्जनचा आकडा असतो. ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरच्या फर्मवेअरच्या, म्हणजे कंपनीने आत घातलेल्या सॉफ्टवेअरच्या, जागी बसवायची लिनक्सवरची खुली सिस्टिम. ती चढवायची की नाही, हे मॉडेलच्या नावाइतकंच त्या आकड्यावर ठरतं. टीपी-लिंकच्या डब्ल्यूआर८४१एनचंच घ्या. व्हर्जन १३ मध्ये ८ एमबी फ्लॅश (फर्मवेअर साठवायची जागा) आणि ६४ एमबी रॅम (चालताना लागणारी मेमरी) आहे, पुढच्याच व्हर्जन १४ मध्ये ४ आणि ३२. नवं व्हर्जन जास्त ताकदीचं, हा हिशेब इथे साफ उलटा पडतो. सांगलीत किंवा साताऱ्यात जुना राउटर घ्यायला गेलात, तर दुकानदार मॉडेल सांगेल. व्हर्जन आपणच वाचायचं.

आजच्या घडीला किमान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम धरून चाला. टीपी-लिंकच्याच आर्चर सी६ चं व्हर्जन ३ बरोबर या मापात बसतं. ४/३२ च्या डब्यावर वेळ घालवू नका. चिप ब्रॉडकॉमची असेल तर ओपनडब्ल्यूआरटीत वायफाय धड चालत नाही. तिथे फ्रेशटोमॅटो किंवा डीडी-डब्ल्यूआरटी ही अशीच दुसरी फर्मवेअर बघावीत. आणि केबलवाल्याने भिंतीला लावून दिलेला फायबरचा डबा, म्हणजे ओएनयू, त्याला हात लावायचा नाही. आपला राउटर त्याच्या पुढे.

ओपनडब्ल्यूआरटीच्या नावातलं 'डब्ल्यूआरटी' आलं लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरवरून. त्याच्या आत लिनक्स निघालं, लिनक्सच्या लायसन्सच्या अटीमुळे २००३ मध्ये कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला आणि २००४ मध्ये हा प्रकल्प उभा राहिला. ओपनडब्ल्यूआरटीने प्लॅनचा वेग वाढत नाही. साताऱ्याच्या जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतीत ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल अडतो, तोही अडायचा थांबत नाही. त्यासाठी पलीकडच्या खोलीपर्यंत लॅन केबलच ओढावी लागते. मिळतं ते असं: कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या राउटरलाही सुरक्षेचे अपडेट येत राहतात, आणि आत काय चाललंय ते आपल्याला दिसतं.

काम सुरू केलं की घरचं इंटरनेट बंद, म्हणून फाइली आधीच उतरवून घ्या. कंपनीच्या मूळ फर्मवेअरवरून जाताना नावात 'फॅक्टरी' असलेली फाइल लागते, 'सिसअपग्रेड' नंतरच्या अपडेटसाठी. कंपनीचं मूळ फर्मवेअरही जवळ ठेवा. फाइलचा एसएचए२५६, म्हणजे ती न बिघडता उतरली का ते सांगणारा कोड, साइटवरच्या कोडशी जुळवून पाहा. केबलवाल्याकडून पीपीपीओईचं (इंटरनेट जोडणीच्या लॉगिनचं) युजरनेम आणि पासवर्ड लिहून घ्या, कारण राउटरच्या जुन्या सेटिंग पानावर पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात.

लॅपटॉप राउटरच्या लॅन पोर्टला केबलने जोडा, वायफायवरून हे करू नका. जुन्या पानावरच्या फर्मवेअर अपग्रेडमध्ये फॅक्टरी फाइल द्या आणि पाच मिनिटं हात बांधून बसा. फ्लॅशवर लिहिणं अर्ध्यात असताना वीज गेली, तर राउटरची वीट होते, म्हणजे तो सुरूच होत नाही. वळवाच्या पावसात किंवा देखभालीसाठी वीज जाते त्या वारी हे काम नको. १२ व्होल्टचा मिनी यूपीएस असेल तर उत्तम.

मग बहुतेक जण घाबरतात: वायफाय दिसतच नाही! बिघाड नाही तो. नव्या सिस्टिमला पासवर्ड नसतो, म्हणून रेडिओ मुद्दाम बंद ठेवलेला असतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा, 'रूट' या मुख्य युजरच्या नावाने आत जा, आधी पासवर्ड ठेवा, मग वायरलेसमध्ये देश भारत निवडून रेडिओ चालू करा.

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो: ओएनयूचा पत्ताही पुष्कळदा १९२.१६८.१.१ च असतो. ओएनयू स्वतःच राउटरचं काम करत असेल, तर दोन्हीकडे एकच नेटवर्क होतं आणि सगळं बरोबर भरूनही इंटरनेट येत नाही. आपल्या राउटरचा लॅनचा पत्ता १९२.१६८.१०.१ करा. इथे एक गंमत आहे. सेव्ह केल्यावर ९० सेकंदांत नव्या पत्त्यावर पोचला नाहीत, तर राउटर बदल आपोआप मागे घेतो. केबल काढून पुन्हा लावा, लॅपटॉपला नवा आयपी मिळू द्या, वेळेत नवं पान उघडा. पीपीपीओई भरूनही जोडणी होत नसेल, तर जुन्या राउटरचा मॅक पत्ता (प्रत्येक उपकरणाचा वेगळा ओळख क्रमांक) केबलवाल्याकडे बांधलेला असू शकतो. तो वॅन पोर्टच्या (इंटरनेटची केबल लागते त्या पोर्टच्या) सेटिंगमध्ये टाका किंवा केबलवाल्याला फोन करा.

एक मोठी फाइल अपलोड होताना घरातला व्हिडिओ कॉल अडखळत असेल, तर एसक्यूएम, म्हणजे डेटाची रांग सांभाळणारं पॅकेज, बसवा. रांग मोडेमच्या बाजूला साचते, म्हणून कॉल लटकतो. मोजलेल्या वेगाच्या ९० टक्के मर्यादा घातली की ती रांग आपल्या राउटरमध्ये येते आणि एसक्यूएममधला 'केक' हा रांग लावणारा प्रोग्रॅम ती नीट लावतो. ४० एमबीपीएस मिळत असतील तर ३६००० केबीपीएस भरा, अपलोडचा आकडा वेगळा. मात्र हार्डवेअर ऑफलोडिंग (डेटा थेट चिपकडून पुढे ढकलण्याची सोय) बंद ठेवा, नाहीतर डेटाची पाकिटं एसक्यूएमला वळसा घालून जातात.

सेटिंग चुकून राउटर बंद दाराआड गेला, तर सुरू होताना लाइट लुकलुकायला लागला की बटण दाबा. राउटर फेलसेफमध्ये, म्हणजे आणीबाणीच्या मोडमध्ये, जातो. तिथे एसएसएचने (लॅपटॉपवरून कमांड देण्याच्या सोयीने) आत जाऊन 'फर्स्टबूट' ही कमांड दिली आणि रीबूट केलं, की राउटर पुन्हा कोरा. फर्मवेअरच बिघडलं असेल तर टीपी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलांत लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा पत्ता देऊन टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने) मूळ फाइल परत चढवता येते. त्या फाइलचं नेमकं नाव मॉडेल-व्हर्जनप्रमाणे बदलतं, म्हणजे पुन्हा तळाचं लेबल आलंच.