लाकडावर लावलेलं तेल आणि लाकडात मुरलेलं औषध

नागपूरच्या बाहेर, रामटेक-पेंचकडे किंवा काटोल रोडवर घर बांधून अंगणात लाकडी डेक आणि कुंपण करून घेणारे बरेच जण मिस्त्रीला एकच प्रश्न विचारतात, “ट्रीटमेंट केली ना?” उत्तर येतं, “हो, दोन हात मारले.” हे दोन हात तेलाचे किंवा पॉलिशचे असतात. लाकूड कुजण्याशी आणि वाळवीशी त्यांचा जवळपास काही संबंध नसतो. दोन्ही कामं एकच समजल्यामुळे तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात खांब जमिनीलगत मोडतो आणि दोष मात्र लाकडाला दिला जातो.

तेल किंवा पॉलिश लाकडाच्या चेहऱ्यासाठी असतं. ऊन लाकडातलं लिग्निन तोडतं, वरचे तंतू सुटे होतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि लाकूड राखाडी दिसू लागतं. तेलातला रंगकण ऊन अडवतो. पारदर्शक तेलात तो नसल्यामुळे उन्हापासून फारसा बचाव होत नाही. तेलाचं दुसरं काम म्हणजे लाकडाची पाणी पिण्याची आणि सोडण्याची गती कमी करणं. नागपुरात याला महत्त्व आहे. मे महिन्यात दुपारी हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, तेव्हा लाकडातलं पाणी वजनाच्या जेमतेम ५-६ टक्के उरतं. ऑगस्टच्या झडीत ते १५ टक्क्यांवर जातं. एवढ्या फरकानं सागाची १०० मिलिमीटर रुंद फळी दीड-दोन मिलिमीटर फुगते किंवा आकसते. तेलामुळे ही हालचाल थांबत नाही, पण सावकाश होते आणि फळी कमी तडकते.

ब्रशनं लावलेलं काहीही लाकडाच्या तंतूंना आडवं मिलिमीटर-दोन मिलिमीटरच आत जातं. वाळवी त्याच्या खालून, एखाद्या तड्यातून किंवा फळीच्या टोकातून शिरते.

खरी ट्रीटमेंट बंद टाकीत होते. लाकूड आधी २५-३० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवतात, कारण पाण्यानं भरलेल्या पेशींत औषध शिरायला जागाच नसते. मग टाकीत निर्वात करून लाकडातली हवा ओढून घेतात, औषधाचं द्रावण सोडतात आणि पंपानं दाब देतात. द्रावण लाकडात खोलवर ढकललं जातं. यासाठी जगभर वापरलं गेलेलं तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं मिश्रण म्हणजे सीसीए. ते आपल्याकडचंच आहे: देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी १९३३ मध्ये ते शोधलं. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक वाळवी-भुंग्याला, आणि क्रोमियम दोघांना लाकडात पक्कं बांधून ठेवतं, म्हणून पावसात ते सहसा धुऊन जात नाही. हे बांधलं जायला दिवस लागतात. टाकीतून काढलेलं ओलं लाकूड त्याच आठवड्यात जमिनीत पुरू नये, दोन-तीन आठवडे सावलीत थप्पी लावून ठेवावं.

बांबूसाठी बोरॅक्स-बोरिक पावडरचं द्रावण वापरतात (१०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स, २ किलो बोरिक). तेही आत मुरतं, पण बांधलं जात नाही. पाऊस लागला की बाहेर येतं. पडवीच्या छताखाली ते उत्तम, उघड्यावरच्या कुंपणाला किंवा जमिनीत पुरायच्या बांबूला नाही.

आता सागाचं. नागपूरच्या लाकूडबाजारात, लकडगंजात सागवान घ्यायला गेलात तर एकाच ओंडक्यात दोन वेगळी लाकडं असतात, हे पक्कं लक्षात ठेवा. आतला सोनेरी-तपकिरी गाभा आणि सालीलगतचा पांढरट पट्टा. गाभा निसर्गानंच औषध भरलेलं लाकूड आहे. भारतीय मानकात तो टिकाऊपणाच्या पहिल्या वर्गात येतो, म्हणजे जमिनीत गाडलेले चाचणीचे तुकडे सरासरी १० वर्षांहून अधिक टिकतात. त्याला टाकीतली ट्रीटमेंट लागत नाही आणि केली तरी औषध नीट शिरत नाही. पांढरा पट्टा मात्र कुठल्याही साध्या लाकडाइतकाच नाशवंत, वाळवी आणि भुंगे तो आधी फस्त करतात. गंमत अशी की दाबाखाली औषध पितो तो हाच पट्टा.

इथेच पॉलिश फसवतं. गडद स्टेनचा एक हात दिला की पांढरं आणि गाभा सारखेच दिसतात. म्हणून डेकच्या फळ्या रंगहीन, रंधा मारलेल्या अवस्थेत पाहूनच घ्याव्यात, आणि दोन्ही कडा उलटून बघाव्यात. पांढरं बहुतेक वेळा कडेलाच सापडतं. पॉलिश लावून आलेल्या सागावर मी तरी पैसे लावणार नाही.

कुंपणाच्या खांबांना सागाचा गाभा परवडत नसेल तर नीलगिरीचे गोल, टाकीत ट्रीट केलेले खांब घ्यावेत. गोलच का? कारण नीलगिरीत औषध बाहेरच्या कड्यातच शिरतं, आतल्या गाभ्यात नाही. गोल खांबाभोवती औषधाचं कडं अखंड राहतं. तोच खांब चौकोनी चिरला की कडं निघून जातं आणि उघडा पडलेला गाभा जमिनीत जातो. याच कारणासाठी जमिनीखालच्या भागात खाच पाडू नये, भोक मारू नये, आणि कारखान्यातून आलेलं न कापलेलं टोक खाली ठेवून कापलेलं टोक वर ठेवावं. साइटवर जिथे कापावंच लागेल तिथे कापलेल्या तोंडाला कॉपर नॅफ्थेनेटसारखं औषध दोन-तीनदा पाजावं. लाकडाचं तोंड आडव्या भागापेक्षा कितीतरी जास्त शोषतं, म्हणून तिथे ब्रशचाही उपयोग होतो.

हिरवट रंग हा ट्रीटमेंटचा पुरावा नाही; हिरवा रंग कोणीही फासू शकतो. लॉटमधला एक खांब टोकापासून हातभर अंतरावर कापून बघा. हिरवं कडं सगळीकडून आत गेलेलं दिसलं तर औषध मुरलंय. टोकाशी कापून तपासलं तर फसाल, कारण टोकातून औषध तसंही आत जातं. रंग पृष्ठभागावरच संपत असेल तर लॉट परत करावा.

जमिनीच्या पातळीची पट्टी, वर १५ आणि खाली ३० सेंटिमीटर, हीच खांबाची मरणाची जागा आहे. तिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात आणि बुरशीला दोन्ही लागतात. पुष्कळ जण या भागाला डांबर किंवा गाडीचं जळकं तेल फासतात. डांबराचा थर उन्हानं चिरतो, चिरेतून शिरलेलं पाणी आतच अडकतं आणि खांब उघड्यापेक्षा लवकर कुजतो. जळक्या तेलानं वाळवी थांबत नाही, विहिरीचं पाणी मात्र खराब होऊ शकतं.

काळी माती असेल तर आणखी एक अडचण. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात मोठाल्या भेगा पाडते आणि खांब तिरपे होतात. दीड मीटर उंच कुंपणासाठी ७५ ते ९० सेंटिमीटर खड्डा घ्यावा, तळाला १५ सेंटिमीटर गिट्टी, भोवती मुरूम थराथरानं ठोकून. वर खांबाभोवती काँक्रीट करायचंच असेल तर त्याचा उतार खांबापासून बाहेर ठेवावा, नाहीतर खांबाभोवती पाण्याची वाटी तयार होते.

डेकच्या फळ्यांत अंतर किती, हे काम कधी होतंय त्यावर ठरतं. मे महिन्यात कोरड्या फळ्या ठोकत असाल तर ६ मिलिमीटर सोडा, त्या फुगणार आहेत. पावसाळ्यात ओलसर फळ्या असतील तर ३ पुरे. स्क्रू ३०४ स्टेनलेसचे वापरावेत. तांब्याच्या औषधानं ट्रीट केलेल्या लाकडात साधे पिवळे झिंकचे स्क्रू लवकर गंजतात. एसीक्यू या आर्सेनिकमुक्त औषधात तांबं जास्त असल्यानं तर आणखी लवकर.

दोन्ही करायचं असेल तर आधी टाकी, मग पूर्ण वाळवणं, मग तेल. उलट क्रमानं केलं तर तेलानं बंद झालेल्या पेशींत औषध जात नाही. तेलासाठी चांगला काळ दिवाळीनंतरचा: पाऊस थांबून दोन-तीन आठवडे झालेले असतात, ऊन सौम्य असतं. हात सकाळी सावलीत द्यावा. पीयूसारखं (पॉलियुरेथेन), लाकडावर पापुद्रा धरणारं पॉलिश बाहेर नकोच, आणि मेलामाइन तर घरातल्याच लाकडासाठी असतं. पापुद्र्याचे फिनिश आपल्या उन्हात चिरतात, मग सगळं खरवडावं लागतं. आत मुरणारं, रंगकण असलेलं तेल नुसतं धुऊन पुन्हा लावता येतं. वेळ झाली का हे बघायला फळीवर पाण्याचे थेंब टाका. चार-पाच मिनिटांत पसरून डाग पडला तर नवा हात द्या. जवसाच्या तेलात भिजलेले बोळे गोळा करून ठेवू नयेत, ते आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून, पसरून वाळवावेत.

सीसीए लावलेलं लाकूड हाताला रोज लागणाऱ्या कठड्याला, बसायच्या बाकाला, गव्हाणीला किंवा भाजीच्या वाफ्याला वापरू नये. अमेरिकेत घरगुती कामांसाठी ते २००३ अखेर उत्पादकांनीच थांबवलं. अशा जागी सागाचा गाभा किंवा आर्सेनिकमुक्त औषध मुरवलेलं लाकूड घ्यावं. कापताना मास्क आणि हातमोजे हवेत. उरलेले तुकडे चुलीत, शेकोटीत किंवा होळीत टाकू नयेत, कारण आर्सेनिक धुरात आणि राखेत उतरतं. बिलावर औषधाचं नाव आणि घनमीटरमागे किती किलो मुरवलं हे लिहून मागा. “ट्रीटेड” एवढाच शब्द लिहिलेल्या बिलावर नंतर काही सिद्ध करता येत नाही.