मागचा वायपर पुसतो कमी, माखतो जास्त

जुलैत ताम्हिणी घाट उतरून माणगावला पोचलो तेव्हा आमच्या हॅचबॅकची पुढची काच लख्ख होती आणि मागची तांबड्या चिखलानं लिंपलेली. मागचा वायपर चालू होता, पण काचेच्या मधोमध चिखलाची एक कमान प्रत्येक फेरीत तशीच सोडत होता. पट्टी आदल्याच आठवड्यात नवी घातलेली, म्हणून चिडचिड जास्त.

पाऊस तर पुढून येतो, मग मागे एवढी घाण कशी? गाडीच्या छतावरून वाहत आलेली हवा हॅचबॅकच्या उभ्या पाठीवरून वळून खाली उतरू शकत नाही. कडेलाच ती गाडीपासून सुटते आणि पाठीमागे कमी दाबाची जागा तयार होते. तिथे भोवरे फिरतात, मागच्या चाकांनी उडवलेले बारीक तुषार ओढून घेतात आणि काचेवर आणून बसवतात. सेदानची मागची काच उतरती असते, हवा बरीचशी तिला धरून वाहते; म्हणून बहुतेक सेदानना मागे वायपर नसतोच.

म्हणजे मागच्या वायपरच्या वाट्याला पाणी कमी, चिखल जास्त. आणि कमी पाणीच त्याला जाचतं. काच चांगली ओली असली की पाण्याच्या पापुद्र्यावरून रबर अलगद सरकतं. काच अर्धवट वाळत आली की घर्षण सगळ्यात जास्त. रबर चिकटतं, ताणलं जातं, सुटतं, पुन्हा चिकटतं. वायपरची ती थरथर हीच. खडू फळ्यावर किंचाळतो तोही याच कारणानं. म्हणून मागचा वायपर लावण्याआधी पाण्याचा फवारा मारावा. फवारा येत नसेल तर नॉझलमध्ये बोअरच्या पाण्याचे क्षार साचले असतील. बारीक टाचणीनं निघतात. बऱ्याच गाड्यांत ही नळी पुढच्या टाकीपासून डिकीच्या दारापर्यंत येते आणि दार उघडताना दर वेळी बिजागरीपाशी वाकते. तिथे ती चिरते किंवा निसटते.

पट्टीची खरी करामत तिच्या पातळ कडेत आहे. केरसुणी ओढताना तिचे हीर मागे कलतात, तशी ही कडा काचेवर तिरकी ओढली जायला हवी, आणि दांडा उलटा फिरला की तिनंही दुसऱ्या अंगाला कलंडायला हवं. मागचा वायपर आठ-आठ महिने उन्हात नुसता उभा असतो. अतिनील किरण आणि ओझोन रबर कडक करतात, एकाच बाजूला मुडपलेली कडा तशीच आकार धरते. मग जाताना पुसलं जातं, येताना माखलं जातं. अशी पट्टी बदलावीच. नुसत्या बारीक रेघा उठत असतील तर मात्र कडेत वाळूचा कण अडकलेला असू शकतो, तेव्हा ओल्या फडक्यानं पुसून पाहावं. खसाखसा घासू नये. काही पट्ट्यांवर ग्रॅफाइटचा गुळगुळीत थर असतो, तो निघून जातो.

काचेवर तेलकट थर असला तर नवी पट्टीही हरते. पाणी ओतून पाहा. ते पसरण्याऐवजी थेंबाथेंबांनी गोळा झालं तर वर मेण किंवा डिझेलच्या धुराचा चिकटा आहे. भांड्यांच्या साबणानं बरंच काम होतं.

आमच्या गाडीला यातलं काहीच नव्हतं. काचेच्या मधलाच पट्टा पुसायचा राहत होता, म्हणजे दाब कमी पडत होता. वायपरमध्ये दाबाचं महत्त्व पहिल्यापासून आहे: मेरी अँडरसन यांनी 1903 साली अमेरिकेत ज्या वायपरचं पेटंट घेतलं, त्यातही रबर काचेला टेकून राहावं म्हणून एक वजन लावलेलं होतं. आता ते काम दांड्याच्या मुळाशी असलेली स्प्रिंग करते. मी दांडा थोडा उचलून हळूच सोडला. (काही गाड्यांत तो पुरता उचलला जात नाही, आणि प्लॅस्टिकचा असेल तर जोर लावल्यास तुटतो.) तो चटकन बसायला हवा होता, आमचा रेंगाळत, नाखुशीनं खाली आला. टोपण काढलं तर बिजागरीत तांबडी माती ठासून भरलेली. दातांच्या जुन्या ब्रशनं ती धुऊन काढली, तेलाचा एक थेंब सोडला, ओघळ लगेच पुसून घेतला.

चिखलाची कमान गेली. मग काढून ठेवलेली जुनी पट्टी सहज लावून पाहिली. तीही छान पुसत होती.