सेकंदाला ऐंशी हजार हाका

"रॅम कमी पडत असेल." संगणक अडखळला की पहिला भेटणारा माणूस हेच सांगतो. दुसरा भेटला तर तो व्हायरस म्हणतो.

माझ्या भाच्याच्या संगणकाचंही असंच निदान झालं होतं. एरवी यंत्र झकास चालायचं. पण घरातल्या दुसऱ्या संगणकावरून केबलने एखादी मोठी व्हिडिओ फाइल ओढायला घेतली, की माउसचा बाण बेडकासारखा उड्या मारू लागायचा. गाणं चालू असेल तर त्यात चर्र आवाज यायचा. टाइप केलेली अक्षरं रुसून बसायची आणि मग एकदम घोळक्याने उमटायची. कॉपी संपली की सगळं पूर्ववत. नवी रॅम बसवून झाली, फरक शून्य. मग त्याने एक 'बूस्टर' उतरवून घेतला. त्या बूस्टरने शेकडो 'चुका' सापडल्याचं जाहीर करून त्या क्षणार्धात 'दुरुस्त'ही केल्या. माउस उड्या मारतच राहिला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

"पण मामा, प्रोसेसर तर मोकळाच आहे," असं म्हणत त्याने विंडोजचा टास्क मॅनेजर, म्हणजे कोण किती प्रोसेसर वापरतंय ते दाखवणारी खिडकी, उघडून दाखवला. एकूण वापर १४ टक्के. इथेच माझे कान टवकारले. त्याच्या प्रोसेसरमध्ये आठ कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारे आठ भाग आहेत, आणि शंभराला आठने भागलं की येतात साडेबारा. म्हणजे १४ टक्क्यांचा एक अर्थ असाही निघतो की सात कोअर जांभया देत आहेत आणि आठव्याचा जीव जातो आहे. सरासरी ही फार फसवी गोष्ट आहे. आलेखावर उजवं क्लिक करून प्रत्येक कोअर वेगळा दाखवायला सांगितला, तर शून्य क्रमांकाचा कोअर छताला चिकटलेला. तो कुणी अडवलाय हे प्रोग्रॅमच्या यादीत शोधलं, तर एकाही प्रोग्रॅमच्या नावावर तेवढा वापर नव्हता. यादीत खाली 'सिस्टिम इंटरप्ट्स' नावाची एक ओळ तेवढी फुगलेली दिसली. हा प्रोग्रॅम नव्हे. कुठल्याच प्रोग्रॅमच्या खात्यावर मांडता न येणारा वेळ जिथे टाकायचा, ते हे खातं.

हा वेळ जातो कुठे? माझ्या मते संगणकातली सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात वात्रट कल्पना इथेच दडली आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

प्रोसेसर अष्टावधानी नसतो. एक कोअर एका वेळी एकच काम करतो आणि बाहेरच्या जगाकडे त्याची पाठ असते. नेटवर्क कार्डात काही आलं, कळ दाबली गेली, माउस हलला, हे त्याला कळणार कसं? एक मार्ग म्हणजे त्याने दर थोड्या वेळाने मान वळवून बघायचं. दुसरा मार्ग म्हणजे उपकरणाने हाक मारायची. ही हाक म्हणजे इंटरप्ट. हाक आली की प्रोसेसर हातातलं काम आहे तिथे टाकतो, कुठवर आलो होतो त्याची खूण ठेवतो, हाक मारणाऱ्याचं बघतो आणि खुणेपाशी परततो. ज्याचं काम अर्धवट सुटलं, त्या प्रोग्रॅमला याचा पत्ताही लागत नाही. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात एक्स-१ या डच संगणकात ही सोय घालायचं ठरलं, तेव्हा त्याचं सॉफ्टवेअर लिहिणारा एड्सखर डायक्स्ट्रा प्रथम हादरला होता. हाक नेमकी कोणत्या क्षणी येईल हे सांगता येत नसेल, तर एकदा घडलेली चूक पुन्हा घडवून दाखवता येणार नाही, ही त्याची धास्ती. पुढे त्याने याच विषयावर काम करून १९५९ साली डॉक्टरेट मिळवली. धास्ती मात्र खरी होती. भाच्याचा संगणक दुरुस्तीला नेला की तिथे शहाण्यासारखा वागायचा, कारण तिथे कुणी नेटवर्कवरून फाइल ओढत नसे.

आता थोडं गणित. फाइल तारेतून अखंड वाहत येत नाही, तिचे तुकडे पडतात. इथरनेटच्या नेहमीच्या एका तुकड्यात, म्हणजे फ्रेममध्ये, फाइलचे जास्तीत जास्त १४६० बाइट मावतात. पत्ते, तपासणीचे आकडे, दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा असं सगळं धरून तारेवर तिची लांबी १५३८ बाइट होते. एक गिगाबिटच्या जोडणीवरून अशा सुमारे ८१ हजार फ्रेम दर सेकंदाला येऊ शकतात. म्हणजे १२.३ मायक्रोसेकंदांना एक. चार अब्ज बाइटची एक फाइल म्हणजे २७ लाखांवर फ्रेम. प्रत्येक फ्रेमगणिक एक हाक मारली तर?

तीन गिगाहर्ट्झच्या कोअरला १२.३ मायक्रोसेकंदांत सुमारे ३७ हजार टिचक्या, म्हणजे त्याच्या घड्याळाचे ठोके, मिळतात. ऐकायला भरपूर वाटतं. पण काम थांबवणं, खूण ठेवणं, परत जागेवर येणं हे फुकट होत नाही. शिवाय जवळच्या कॅश स्मृतीत मांडून ठेवलेला आधीच्या कामाचा पसारा नव्या कामाने उधळला जातो, तो परत मांडावा लागतो. मुळात हाक मारणं ही प्रस्तावनाच, खरं काम पुढेच असतं.

हे पुढचं काम दोन टप्प्यांत होतं, आणि ड्रायव्हरचा बरेवाईटपणा इथे ठरतो. ड्रायव्हर म्हणजे कार्डाची भाषा जाणणारा, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात राहणारा छोटा प्रोग्रॅम. फ्रेम आली की कार्ड ती स्वतःच स्मृतीतल्या एका गोलाकार रांगेत, रिंगमध्ये, ठेवतं आणि हाक मारतं. ड्रायव्हरचा पहिला भाग उठतो, "ऐकलं" एवढं म्हणतो, कार्डाला तात्पुरतं गप्प करतो आणि उरलेलं काम एका चिठ्ठीवर लिहून ठेवतो. विंडोजमध्ये या चिठ्ठीला डीपीसी म्हणतात, लिनक्समध्ये सॉफ्ट-आयआरक्यू. दुसऱ्या टप्प्यात चिठ्ठी उघडून रिंगमधल्या फ्रेम उचलायच्या, तपासायच्या, क्रमाने लावायच्या आणि फाइल मागणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत पोचवायच्या. मेख अशी की या चिठ्ठ्या कुठल्याही प्रोग्रॅमपेक्षा वरच्या दर्जाच्या असतात. तुम्ही गाण्याच्या प्रोग्रॅमला 'रिअलटाइम' अग्रक्रम द्या नाहीतर आणखी काही द्या, त्या कोअरवर चिठ्ठ्यांची रांग असेपर्यंत त्याला उभंच राहावं लागतं. आणि माउसची हालचाल कळवणारा यूएसबीचा ड्रायव्हरही आपली चिठ्ठी टाकतो, अनेकदा त्याच कोअरच्या रांगेत, नेटवर्कच्या मागे.

म्हणून शहाणपणाचा दंडक असा: हाक ऐकण्यात २५ मायक्रोसेकंदांहून जास्त घालवू नयेत आणि एका चिठ्ठीला १०० मायक्रोसेकंदांहून जास्त लागू नयेत, असं खुद्द मायक्रोसॉफ्ट ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सांगतं. आळशी ड्रायव्हर काय करतो? "रिंग रिकामी होईपर्यंत उचलत राहा." रिंग काही रिकामी होत नाही, कारण एक फ्रेम उचलेपर्यंत दुसरी येऊन पडलेली असते. ध्वनीकार्डाला दर १० मिलिसेकंदांनी नवा साठा लागत असेल, आणि ही चिठ्ठी त्याहून लांबली, तर सेकंदाला ४८ हजार नमुन्यांच्या दराने वाजणाऱ्या आवाजातले ४८० नमुने गायब. तो चर्र आवाज म्हणजे हे भोक.

याचं टोकाचं रूप जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन या संशोधकांनी १९९६ साली मांडलं. आपल्याला वाटतं की पॅकेट, म्हणजे फ्रेममधून येणारे माहितीचे तुकडे, वाढत गेली की यंत्राची क्षमता एका पातळीवर जाऊन स्थिरावेल. त्यांनी दाखवलं की निव्वळ हाकांवर चालणाऱ्या यंत्राचा आलेख चढतो आणि मग खाली कोसळतो, अगदी शून्याकडे. प्रोसेसर शंभर टक्के राबतो आहे, पण सगळा वेळ नवी पॅकेट आत घेण्यात जातो. घेतलेली पॅकेट पुढे सरकवायला वेळच उरत नसल्याने तीच टाकून द्यावी लागतात. या अवस्थेला त्यांनी लाइव्हलॉक म्हटलं. उपाय मोठा मजेशीर होता: गर्दी वाढली की हाका बंद करा आणि प्रोसेसरनेच ठरावीक वेळाने मान वळवून बघा, तेही मोजूनमापून. जो मार्ग आपण जुनाट म्हणून सोडला होता, तोच. २००३ अखेर आलेल्या लिनक्स २.६ मध्ये हीच युक्ती 'नापी' नावाने रुळली होती. पहिली हाक ऐकायची, मग कार्ड गप्प, आणि एका खेपेला साधारण ६४ पॅकेट उचलून दुसऱ्या कामांना वाट द्यायची.

कार्डं बनवणाऱ्यांनीही आपल्या बाजूने एक सोय केली. प्रत्येक फ्रेमला हाक न मारता थोडं थांबायचं, दहापंधरा फ्रेम साठल्या की एकच हाक. ही 'इंटरप्ट मॉडरेशन'. सेकंदाला ८ हजार हाकांची मर्यादा घातली तर दोन हाकांत १२५ मायक्रोसेकंद जातात आणि एका हाकेत दहा फ्रेम उरकतात.

आता भाच्याकडे परत येऊ. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नेटवर्क कार्डाच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' पानावर गेलो, तर इंटरप्ट मॉडरेशन बंद. कुणी केलं? त्यानेच. 'गेममधला लॅग घालवा' अशा कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं म्हणून. या व्हिडिओवाल्यांचा युक्तिवाद अगदीच खोटा नाही, हाक लगेच मारली तर पॅकेट आधी कळतं. पण किती आधी? एक दशांश मिलिसेकंद. गेमच्या सर्व्हरपर्यंतची फेरी ३० मिलिसेकंदांची, पडद्यावरचं चित्र बदलतं दर १६.७ मिलिसेकंदांनी. ताईत बांधून परीक्षेला बसण्यासारखंच हे, फरक एवढाच की ताईत निदान प्रोसेसर खात नाही.

२००७ साली नेमकी उलटी तक्रार गाजली होती, ती सांगायचा मोह आवरत नाही. विंडोज व्हिस्टावर गाणं लावलं की नेटवर्कवरची कॉपी मंदावायची. मायक्रोसॉफ्टच्या मार्क रुसिनोविच यांनी खुलासा केला की आवाज तुटू नये म्हणून, गाणं चालू असताना नेटवर्कला मिलिसेकंदाला १० पॅकेटांची मर्यादा घातली आहे. सेकंदाला १० हजार पॅकेट म्हणजे सुमारे १५ मेगाबाइट, गिगाबिटच्या तारेचा जेमतेम आठवा हिस्सा. भरीला एकाहून अधिक कार्डं असली की मर्यादा आणखी घट्ट होण्याची एक चूकही त्यात होती.

तुमच्याकडे असं होत असेल तर आधी हे पाहा की दोष खरंच नेटवर्कचा आहे का. तीच फाइल एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. तेव्हाही संगणक अडखळला तर नेटवर्क निर्दोष, डिस्ककडे किंवा अँटिव्हायरसकडे वळा. उलट आयपर्फ हा प्रोग्रॅम डिस्कला हात न लावता नुसती पॅकेट पाठवतो. त्यातही माउस अडला तर चोर सापडला. हजारो बारक्या फाइली हळू जातात ही तक्रार मात्र वेगळी. तिथे प्रत्येक फाइल उघडण्या-मिटण्याचा खर्च असतो, ड्रायव्हरला बोल लावू नका. कोणत्या ड्रायव्हरच्या चिठ्ठ्या लांबतात हे विंडोजवर लेटन्सीमॉन हा प्रोग्रॅम नावानिशी दाखवतो. लिनक्सवर 'टॉप' या प्रोग्रॅममधला 'एसआय' हा चिठ्ठ्यांवरच्या वेळेचा आकडा फुगलाय का आणि चिठ्ठ्या उरकणारा ksoftirqd यादीत वर दिसतो का, एवढं बघितलं तरी बरंच कळतं.

मग ड्रायव्हर. ऑपरेटिंग सिस्टिमने आपणहून बसवलेला सर्वसाधारण ड्रायव्हर कार्ड चालवतो, पण कधी कधी कार्डाची स्वतःची कसब वापरत नाही. मोठा तुकडा कापून फ्रेम बनवणं, बेरजा तपासणं ही कामं कार्ड करू शकतं, काम अनेक कोअरवर वाटूनही देऊ शकतं. ते बंद असेल तर सगळा भार एका कोअरवर. उलटही घडतं: याच सोयींमध्ये चूक असलेला ड्रायव्हर पॅकेट बिघडवतो आणि ती पुन्हा पाठवावी लागतात. म्हणून एका वेळी एकच खिटी फिरवा आणि कॉपी करून बघा. वेग आणि डुप्लेक्सची (दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायचं की आळीपाळीने, याची) निवड 'ऑटो'वरच असू द्या. एका टोकाला ती हाताने ठरवली आणि दुसरं टोक अंदाज बांधत बसलं, की एक बाजू हवं तेव्हा बोलते आणि दुसरी आपली पाळी येण्याची वाट बघते, वेग पार कोसळतो. नऊ हजार बाइटच्या जंबो फ्रेमने हाका सहापटीने कमी होतात, पण दोन्ही संगणक आणि मधला स्विच तिघांनाही ते मान्य हवं.

आमच्याकडे मॉडरेशन चालू केल्यावर चर्र आवाज गेला, माउस मात्र अधूनमधून अडतच होता. कार्डाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरचा ड्रायव्हर घातल्यावर तोही सरळ झाला, आणि शून्य क्रमांकाच्या कोअरचं काम चार कोअरमध्ये वाटलं गेलं. भाच्याने लगेच गेम लावून लॅग मोजला. काहीच फरक दिसला नाही, तरी त्याने "खेळताना बंद आणि कॉपीच्या वेळी चालू ठेवू का?" असं विचारलंच. त्या यादीत 'अ‍ॅडॅप्टिव्ह' असा तिसरा पर्याय होता, गर्दी बघून स्वतःच कमीजास्त होणारा. तो निवडून दिला आणि तिथून उठलो. रॅम परत घेणार नाही म्हणतात.