मणक्याचं हाड वाढलंय? बेल्ट घेण्याआधी हे वाचा

"हाड वाढलंय म्हणे, एक चांगला बेल्ट द्या." नांदेडच्या आमच्या दुकानात असं गिऱ्हाईक रोज येतं. बेल्ट-कॉलर विकणं हा आमचा धंदाच आहे, तरी आधी हे वाचा.

पन्नाशीनंतर बऱ्याच जणांच्या एक्स-रेत मणक्याच्या कडेला वाढलेलं हाड दिसतं. बहुतेकांना त्याचा त्रास नसतो. बघायचं ते एवढंच, की हाड वाढलं कुठल्या बाजूला. बाजूच्या छिद्रात शिरलं तर एखादी नस दबते, हातापायात कळ आणि मुंग्या येतात. मागच्या पोकळीत घुसलं, किंवा तिथला अस्थिबंधच (हाडांना बांधून ठेवणारा चिवट पट्टा) हाडासारखा टणक झाला, तर मज्जारज्जू, म्हणजे मेंदूकडून मणक्यातून खाली येणारा नसांचा जाड दोर, दबतो.

मानेत मज्जारज्जू दबला तर दुखेलच असं नाही, आणि माणूस फसतो तो इथंच. शर्टाची बटणं लागत नाहीत, भाकरी थापताना बोटं वळत नाहीत, पायातली चप्पल निसटलेली कळत नाही, अंधारात तोल जातो. मधुमेहाच्या पेशंटला वाटतं, शुगरमुळेच होत असेल! घड्याळ लावून मूठ भराभर उघडा-मिटा. दहा सेकंदांत वीस वेळा जमली नाही, तर मेंदू-मणक्याच्या डॉक्टरांना दाखवा. नस किंवा मज्जारज्जू किती दबलाय ते एमआरआयमध्ये दिसतं, साध्या एक्स-रेत नाही.

कंबरेत दाब असला की थोडं चाललं तरी पोटऱ्या भरून येतात, बसलं की मोकळं वाटतं. पण लघवी अडली, नकळत होऊ लागली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

किनवटकडच्या गिऱ्हाइकांसाठी आणखी एक. तिकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाडं आणि अस्थिबंध दोन्ही टणक होतात. मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरी सोयच नसेल तर १.५. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. बोअरचं पाणी तपासून घ्या.

बेल्टनं आधार मिळतो, वाढलेलं हाड कमी होत नाही. वर सांगितलेली लक्षणं असतील तर कुणाकडूनही मान मोडून घेऊ नका, मालीशवाल्याकडूनही नाही.

डॉक्टरांनी बेल्ट नको म्हटलं, तर न वापरलेला बेल्ट पावतीसह आठ दिवसांत परत घेऊ. चिठ्ठी असेल तर सोबत आणा, माप त्याप्रमाणे देता येतं.