डीपीआय ३०० केला म्हणून फोटो स्पष्ट होत नाही

वाढदिवसाचा फ्लेक्स करायला घेतला की लातूरपासून नांदेडपर्यंत एक सल्ला हमखास मिळतो: ‘फोटो फाटतोय? डीपीआय ७२ चा ३०० कर.’ हे चूक आहे.

फोटोतला तपशील पिक्सेलमध्ये, म्हणजे फोटो ज्या बारीक रंगीत ठिपक्यांनी बनतो त्यांच्यात असतो; डीपीआय फक्त ते एका इंचात किती बसवायचे एवढंच सांगतो. पडताळून बघा. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-ऑल्ट-आय दाबून ‘इमेज साइज’ उघडा, ‘रिसॅम्पल’ची खूण काढा आणि ‘रिझोल्यूशन’मध्ये ७२ च्या जागी ३०० टाका. १६०० बाय १२०० पिक्सेल तसेच राहतात. छपाईची रुंदी तेवढी २२ इंचांवरून सव्वापाच इंचांवर येते. खूण ठेवली तर पिक्सेल वाढतात खरे, पण ते सॉफ्टवेअरने शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरलेले. फाइल जड, चेहरा मेणाचा.

सहा बाय चार फुटांच्या फ्लेक्सवर हाच फोटो ताणला तर इंचाला जेमतेम २२ पिक्सेल येतात. लांबून बघायच्या फ्लेक्सला ७२ पुरतात, म्हणजे रुंदीत ५१८४ पिक्सेल हवेत. ३०० चा आग्रह हातात धरायच्या लग्नपत्रिकेला ठीक.

खरा घोळ बहुधा आधीच झालेला असतो: व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसूनच येतो. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. स्क्रीनशॉट तर नकोच.